पाण्यावरचे बिऱ्हाड

मार्गशीर्षात आम्ही उभयतांनी एका स्नेह्यांच्या शिडाच्या होडीत आठ दिवस बिऱ्हाड थाटले. मांडव्याहून निघून खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग असे करीत जयगड गाठायचा बेत. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटे. दुपारी वायव्येचा वारा शीड भरी.

बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. भरतीवाचून आत शिरणे कठीण. तांडेल म्हणाला, "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते."

मी कागद शोधू लागलो.

"आज अष्टमी, म्हणजे सहा!" ही स्टोव्हपाशी बसूनच म्हणाली.

वीस वर्षे हिने उपासासाठी मोजलेल्या तिथी आज होडी हाकीत होत्या. त्यानंतर तांडेलाने मला काही विचारले नाही. रोज सकाळी तो हाक मारी, "वैनी, आज भरती किती वाजता?"