गोगलगाय आणि पोटात पाय

वरून गरीब आणि आतून बिलंदर अशा माणसाला आपण 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणतो. या म्हणीतले प्राणिशास्त्र किती चोख आहे, हे मला अर्नाळ्याला घरामागे चार वाफे घातल्यावर कळले. पोटाचा सबंध तळवा हाच या बाईसाहेबांचा पाय!

श्रावणात एके सकाळी पाहतो तो माठाच्या रोपांचे नुसते देठ उभे, मुळ्याच्या पानांची चाळण, आणि मातीवर चांदीची तार ओढावी तशी चकाकती रेघ. चोराने जाताना सही करून जावे, तसा प्रकार. कुंडी उचलली तर खाली अंगठ्याएवढ्या, बिनशंखाच्या पाच-सहा गोगलगाई निवांत झोपलेल्या.

शेजारच्या वाडीतल्या काकू म्हणाल्या, "मास्तर, मूठभर मीठ टाका. पाणी होईल त्यांचं."

होते खरे. मीठ तिच्या अंगातले पाणीच ओढून घेते. पण गोगलगाय मेली तरी मीठ मातीत राहते. समुद्र हाकेवर असलेल्या गावात विहिरीचे गोडे पाणी मचूळ होऊ नये म्हणून माणसे जीव टाकतात. तिथे आपल्याच हाताने वाफ्यात मीठ पेरायचे? दुकानात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. पण त्या कुत्र्यामांजरांनाही घातक, आणि आमची मांजर त्याच वाफ्यांतून हिंडते.

मग २०२२ साल आठवले. त्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. ही शंखी मूळची आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत सोडली. शौक एकाचा, भुर्दंड साऱ्या देशाला!

तेव्हा शेतकऱ्यांना सांगितलेला उपाय मी उचलला. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याशेजारी पसरायचे. रात्रभर चरून मंडळी पहाटे त्याच्या ओल्या सावलीला येतात. उन्हे येण्यापूर्वी गोणपाट उलटायचे आणि चिमट्याने एकेकीला साबणाच्या पाण्यात सोडायचे. उघड्या हाताने धरायचे नाही. तिच्या अंगी रोगाचे कृमी असू शकतात. म्हणून भाजीही चांगली धुऊनच चिरायची. पाऊस उघडला की झाडांना पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालायचे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते. कुंड्यांखाली साबुदाण्यासारखी अंडी दिसली तर तीही वेचायची. नर आणि मादी एकाच देहात असल्यामुळे दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात!

यात शौर्य काही नाही. रोज पहाटे उठणे एवढेच आहे, आणि गोगलगाईला सुट्टीचा वार ठाऊक नसतो. पण आता आठवड्याला माठाची एक जुडी घरची निघते. पानांना चार-दोन भोके असतात. तेवढा तिचा वाटा. काकूंनाही अधूनमधून एक जुडी जाते; मिठाचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.