पेरुंगुडीचं पाणी आणि कॉफीचं यंत्र

चेन्नईच्या पेरुंगुडीत उजाडतं ते पाण्याच्या लॉऱ्यांच्या घरघरीनं. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, त्यांच्या आडोशाला नोकरीनिमित्त आलेल्यांची गृहसंकुलं आणि पलीकडे पळ्ळिकरणैची पाणथळ. २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. संकुलांच्या टाक्यांत मात्र बाराही महिने लॉरीचं पाणी उतरतं.

याच वेळी घरोघरी फिल्टरमधलं डिकॉक्शन उतरलेलं असतं. पीबेरी आणि प्लँटेशन ए या प्रतींच्या बिया, त्यात बेताची चिकोरी, वर उकळतं दूध. डवऱ्याच्या वाटीतून टंबलरमध्ये आणि टंबलरमधून डवऱ्यात ओतताना चढणारा तो फेस. चहावर वाढलेल्या मराठी माणसालाही ही कॉफी बघता बघता आपलंसं करते. तिची जागा कुठलंही यंत्र घेणार नाही, घेऊ नये. पण घरात एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची पहाटेची मीटिंग असली, की अवेळी एका कपापुरती ताजी, बिनचिकोरीची कॉफी हवीशी वाटते. तिथे स्वयंचलित एस्प्रेसो यंत्र मनात भरतं.

फिल्टरमध्ये पाणी आपल्याच वजनानं थेंबथेंब खाली येतं. एस्प्रेसोला दाब लागतो. नव्वद अंशांच्या थोडं वर तापलेलं पाणी सुमारे ९ बार दाबानं बारीक दळलेल्या कॉफीतून पंचवीस-तीस सेकंदांत पार होतं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरानं वाफेच्या दाबावर कॉफी काढणारं यंत्र केलं. दाट सोनेरी फेस आला तो अकिले गाज्जियाच्या तरफेच्या यंत्रांतून, १९४८च्या सुमारास. आणि १९८५ साली साएकोनं दळण्यापासून चोथा टाकण्यापर्यंत सगळं एका बटणावर आणून यंत्र घरच्या ओट्यावर ठेवलं. बटण दाबलं की आत बिया कडकडून भरडल्या जातात, पूड दाबून बसते, क्षणभर ओली होऊन थबकते आणि मग दोन बारीक धारा कपात पडू लागतात. आधी काळपट, मग तांबूस, शेवटी पिवळसर. त्या धारांकडे बघत उभं राहणं हे मोठं सुख आहे.

निवड करताना मात्र दुकानदार यंत्राचा पडदा दाखवतो: बारा पेयं, सोळा पेयं. आमच्या शेजारच्या मामींनी एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं घालणार?" जन्मभर कॉफी गाळलेल्या बाईचा प्रश्न होता तो, आणि तोच खरा. एस्प्रेसोतही सुमारे नव्वद टक्के पाणीच असतं. इथल्या बोअरच्या जड पाण्यातला चुना तापकाच्या अरुंद नळीत थरावर थर चढवतो. धार बारीक होते, कॉफी कोमट येते. उलट, आरओनं क्षार पार काढून टाकलेलं पाणी चव उचलतच नाही. स्पेशालिटी कॉफी असोसिएशननं लिटरमागे १५० मिलिग्रॅम क्षार आदर्श आणि ७५ ते २५० चालण्याजोगे मानले आहेत. बऱ्याच यंत्रांसोबत कागदाची पट्टी येते. ती पाण्यात बुडवून काढली की तिच्यावरचे चौकोन रंग बदलतात. तेवढे चौकोन मोजून तो आकडा यंत्राला सांगायचा, म्हणजे चुना काढायची आठवण ते वेळेवर करतं.

दुसरी गोष्ट हवेची. चेन्नईच्या दमट उकाड्यात चोथ्याच्या डब्यात दोन दिवसांत बुरशी धरते, मुंग्या वाट काढतात. म्हणून कॉफी दाबणारा भाग, ब्रू ग्रूप, हातानं काढून नळाखाली धुता यावा. फिलिप्स, साएको, डेलाँगीच्या यंत्रांत तो निघतो. युराच्या यंत्रांत तो आतच असतो आणि गोळी टाकून साफ करावा लागतो. दुधाचंही तेच. आविनच्या नारिंगी पिशवीतल्या सायीच्या दुधाचा फेस सुरेख येतो, पण लांब नळीत ते राहिलं तर आंबतं. जितक्या कमी नळ्या, तितकं बरं.

बियाही जपून निवडाव्यात. चिकोरी मिसळलेली पूड बियांच्या खणात कधीच टाकायची नाही. फार काळ्या, तेलकट बिया चक्कीला चिकटतात. मध्यम भाजणीच्या चिकमगळूरच्या बिया उत्तम. भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. तिथल्या मिश्रणांत आपल्याकडचा रोबस्टा दाटपणासाठी घालतात. तेव्हा घाटावरची ताजी बी सोडून परदेशी डबा आणायचं कारण नाही. अमेरिकेतल्या नातलगाकडून यंत्रही मागवू नये: तिकडचं १२० व्होल्टचं, आपली वीज २३०ची.

किंमत चाळीस-पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. वाढीव पैशांत मिळतात ती बहुधा पेयांची नावं. कपातली कॉफी फारशी बदलत नाही. साधं, उघडता येणारं, धुता येणारं यंत्र हेच या हवापाण्यात टिकतं.

म्हणून दुकानात गेलात तर पडद्याकडे नंतर बघा. आधी बाजूचं दार उघडायला लावा, ब्रू ग्रूप स्वतःच्या हातानं काढून परत बसवा, दुरुस्तीला माणूस तुमच्या भागात येतो का ते विचारा. हे जमलं, तरच पैसे मोजा.