अडतीस अंशांच्या उतारावर

पंचशील पाळणाऱ्या घरात वाइनची गोष्ट कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. पण मला सांगायचे आहे ते घाम गाळणाऱ्या हातांविषयी.

जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, तोचिगी प्रांतात आशिकागा हे शहर आहे. शहराबाहेरच्या एका डोंगरावर द्राक्षांचे मांडव थेट वरपर्यंत चढत गेले आहेत. उतार सरासरी ३८ अंशांचा. तिथे ट्रॅक्टर चालत नाही, माणसांनाच चढावे लागते.

नोबोरू कावादा हे इथे शाळामास्तर होते. त्यांच्या वर्गात बौद्धिक अपंगत्व असलेली मुले होती. ‘याला काय जमणार?’ असे म्हणून समाजाने बाजूला सारलेली. १९५८ साली मास्तरांनी या मुलांना बरोबर घेऊन डोंगरावरची झाडी तोडली आणि द्राक्षे लावली. सपाट जमीन घ्यायला पैसा नव्हता, म्हणून हा चढ पत्करला. पण पाणी न तुंबणारा, भरपूर ऊन मिळणारा तो उतार द्राक्षाला मानवला. १९६९ साली तिथे ‘कोकोरोमी गाकुएन’ ही संस्था उभी राहिली. कोकोरोमी म्हणजे करून पाहणे.

पुढे द्राक्षांपासून वाइन करायचे ठरले. त्यासाठी पालकांनी पदरचे पैसे घालून १९८० साली ‘कोको फार्म’ ही छोटी कंपनी काढली. परवाना मिळायला १९८४ साल उजाडले. मास्तर उतारवयात कारखानदार झाले!

इथे तणनाशक वापरत नाहीत. गवत हातांनी काढतात. कोणी घडाघडावर कागदाची छत्री बांधतो, कोणी पेट्या वाहतो. कोणी दिवसभर डबा बडवून कावळे हाकलतो. तेही कामच, आणि तो माणूस नसला तर पीक जाते.

२००० साली ओकिनावात बड्या राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली. तिथल्या मेजवानीत याच डोंगरावरची फेसाळ वाइन दिली गेली. दयेपोटी कोणी ती निवडली नव्हती. माल चोख होता.

कावादा २०१० साली गेले. मांडव आजही फळतात.

आपल्या चाळीत, वस्तीतही असे एखादे मूल दाराआड बसलेले असते. आई-बाप लोकांच्या नजरेला भिऊन त्याला बाहेर काढत नाहीत. त्याच्या हाताला कोणते काम जमेल, हे आपण कधी करून पाहिले आहे काय?