फडकं

आमच्या घरात धोतर फाटलं म्हणून कुणी टाकून दिलं नाही. आबांच्या अंगावरून ते उतरलं की आई त्याचे हातभर तुकडे करायची. धड तुकडे जीपला आणि विरलेले चुलीपाशी, हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, हिशेब. आईचा अर्थातच उलटा. लुगड्याचा तुकडा अण्णांना चालत नसे. पांढरंच पाहिजे, सुतीच पाहिजे. फडक्याला काय लागलं त्याचा रंग दिसला पाहिजे, एवढंच ते सांगायचे.

अण्णा पाटण ते कोयनानगर वडाप करायचे, म्हणजे जीपमधून भाड्यानं माणसं न्यायचे. गिऱ्हाईक मिळालं तर हेळवाकच्या पुढं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंत. जीप महिंद्राची. 1947 साली या कंपनीनं मुंबईत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि लढाईसाठी जन्मलेली ती गाडी आपल्याकडे साहेबांच्या दौऱ्याला, निवडणुकीच्या प्रचाराला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, सगळ्यालाच पुरली. आमच्याकडं आली तेव्हा तिचं निम्मं आयुष्य सरलेलं होतं. अण्णांच्या लेखी मात्र ती नवी. शोरूममधनं येऊ दे नाहीतर लिलावातनं, जिची ओळख नाही ती गाडी नवीच, असं म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्यांनी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. नुसते पुसत बसले. आळीतले लोक हसले.

तिच्या रंगाकडं त्यांनी कधी बघितलं नाही. फडकं फिरायचं ते इंजिनवरून, नळ्यांच्या सांध्यांवरून, डिफ्रेन्शियलच्या पोटावरून आणि चाकांच्या आतल्या अंगानं. वापरलेल्या गाडीच्या पोटाला वर्षानुवर्षांचा चिकटा असतो. त्यात आजची गळती कुठली आणि मागच्या दिवाळीची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. "आज पुसलं तर उद्याचं उद्या दिसंल," अण्णा म्हणायचे.

धाकटा भाऊ पहाटे उठायचा नाही, म्हणून बॅटरी धरायचं काम माझ्याकडं आलं. जीप सपाटीवर आणि इंजिन गार पाहिजे. ऑइलची काडी काढायची, फडक्याला पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग दुसऱ्यांदा काढून बघायची. काडीवर आणि नळीत आधीचं तेल लागलेलं असतं, म्हणून पहिल्या वेळची खूण धरायची नाही. तेल दोन खुणांच्या मधे हवं. जास्त असलं तर बरंच की, असं मला वाटायचं. तर नाही, जास्त झालं की क्रँक त्यात घुसळतो आणि तेलाचा फेस होतो. मग चाकं. फडकं आतल्या बाजूला ड्रमच्या मागून फिरवायचं आणि बॅटरीच्या उजेडात धरायचं. कोरडी धूळ लागली तर ठीक. ओल लागली तर अण्णा आधी बोटांनी चोळायचे, मग वास घ्यायचे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत, आणि रंगावर सांडलं तर रंगाचे पोपडे काढणारं. चाकाच्या आत यातलं कुठलंही सापडलं की त्या दिवशी वडाप बंद. घरात त्यावरून कुरबूर व्हायची, कारण बंद म्हणजे त्या दिवसाची मिळकत गेली.

बॉनेट लावायचा एक नियम होता. फडकं हातात दिसल्याशिवाय बॉनेट खाली यायचं नाही. तेलकट कापड सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर विसरलं तर पेटायला वेळ लागत नाही, आणि पेट्रोलच्या गाडीत तर विचारूच नका. मी आजही बॉनेट लावताना उगाच डाव्या हाताकडं बघते.

काचेचं फडकं वेगळं. ते सीटच्या मागं, कागदात गुंडाळलेलं. तेलाचा एक पुसट हात काचेवर फिरला तरी दिवसा कळत नाही. रात्री समोरून गाडी आली की सगळी काच उजेडानं पांढरी होते. आणि रेडिएटरला फडकं लावायचंच नाही. घाट चढून जीप तापली की बाकीचे ड्रायव्हर ओलं फडकं टाकून झाकण फिरवायचे, वाफेचा फवारा उडायचा, पोरं बघायला जमायची. अण्णा बॉनेट उघडून हेळवाकला चहा घेत बसायचे. रेडिएटरचा वरचा पाइप उघड्या हातानं धरता आला तरच झाकणाला हात. आतलं पाणी दाबाखाली असतं. ते शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण सैल होताच एकदम उसळतं. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं होतं असं नाही. एका ड्रायव्हरचा भाजलेला चेहरा त्यांनी रोज बघितला होता.

आता यातली न पटणारी गोष्ट. एवढं जपणारा हाच माणूस जीपमध्ये माणसं कोंबायचा. मागं कोंबलेली, फूटबोर्डावर लोंबकळणारी, बाजाराच्या दिवशी तर ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "एसटी गेली, आता खाली कुणाला ठिवू?" त्यात लोकांची अडचण होती हे खरं. जादा माणसामागं जादा भाडं होतं, हेही खरं. घाट ते नेहमी गिअरमध्ये उतरायचे. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर सगळा भार टाकायचा नाही. पण वजन दुप्पट झालं की त्याच वेगाला ब्रेकच्या लायनरमध्ये उष्णताही दुप्पट होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं. आज मिळणारं डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं प्रमाण आहे. ओल पिऊन झाल्यावर हाच आकडा 155 वर येतो. त्याच्या पुढं पॅडलखाली वाफ येते आणि पाय सरळ फळीपर्यंत जातो. अण्णांचा पाय कधी गेला नाही. गेला नाही म्हणून ते बरोबर होते, असं मला त्यांची मुलगी असूनही म्हणता येत नाही.

लग्नानंतर कराडजवळ आम्ही रोपवाटिका काढली आणि काही वर्षांनी टाटाचा छोटा हत्ती घेतला. 2005 साली ही गाडी बाजारात आली आणि तीनचाकी टेम्पोवर जगणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राला दोन सिलिंडरचा, 702 सीसीचा, चार चाकांचा पर्याय मिळाला. इंजिन सीटखाली. सीट उचलून काडी बघायची, एवढाच काय तो फरक. तोवर आबांची धोतरं संपली होती, मग नवऱ्याच्या जुन्या बनियनी कामाला आल्या. बनियन शोषून छान घेते, पण तिचे धागे सुटून जिथं तिथं चिकटतात. धोतराची सर नाही.

वजनाचा धडा या गाडीनं शिकवला. कोकोपीट भरलेले रोपांचे ट्रे कोरडे असताना उचलायला काहीच नाहीत. पण लांबच्या गिऱ्हाइकाकडं जायचं म्हणून निघताना भरपूर पाणी मारायचं, आणि त्याच ट्रेचं वजन हातालाच सांगतं की हे वेगळं प्रकरण आहे. गाडीत जागा आहे म्हणजे वजनाला जागा आहे, असं होत नाही. मी वजनकाट्यावर ओले ट्रे घालून बघितले आणि त्यावरनं एका खेपेचे ट्रे ठरवले. गड्यांना ते कंजूसपणाचं वाटायचं. माल मागच्या चाकांच्याही मागं गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं फिरतं, हे मात्र एका पावसाळी वळणावर सगळ्यांनाच पटलं.

आता नवी पिकअप आली आहे. खरोखरची नवी, सीटवरचं प्लॅस्टिक न काढलेली. चालवतो माझा भाचा. गाडी आली त्या दिवशी नारळ फुटला, लिंबं चाकाखाली गेली, आणि तो म्हणाला, "आत्या, आता फडकं नको. सगळं स्क्रीनवर येतंय की."

बरंच येतं, हे मी मान्य केलं. न येणाऱ्या गोष्टींची यादी मात्र त्याला जेवताना ऐकवली. ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब पडल्यावर. तेल काडीच्या खालच्या खुणेवर आलंय, हे तो आधी सांगायला येत नाही. टायरमधला खिळा आमच्या गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही. कमानपाट्याला घासत असलेली नळी दिसत नाही. बदललेल्या चाकाचे नट थोडं अंतर चालल्यावर पुन्हा आवळायचे असतात, समोरासमोरच्या क्रमानं, हेही कुणी दाखवत नाही. (जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे होते. नवखा माणूस सोडवायला म्हणून जोर लावायचा आणि ते अजून घट्ट व्हायचे. तेवढा एक त्रास तरी गेला.)

पण भाच्याचंही काही बरोबर निघालं. अण्णांचं सगळं या गाडीला चालत नाही. ओढ्याचं पाणी रेडिएटरला चालायचं. इथं कूलंट ठरलेलं आहे आणि बोअरचं क्षाराचं पाणी घातलं तर आतल्या बारीक नळ्यांत थर धरतो. जुने ड्रायव्हर उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून बंद करायचे. ते तेव्हाही वाईटच होतं. आता इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं, आणि ओला माल भरलेली गाडी घाटात आपल्या हातात राहत नाही. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगानं रेटू नका, इंजिन ओढाताणीवर आणू नका, असं पुस्तिकेत आहे. तेही त्यानं मला वाचून दाखवलं. आमच्याकडं गाडीची पुस्तिका वाचणारा हा पहिलाच माणूस.

त्या पुस्तिकेतली एक ओळ मात्र मी त्याला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावली. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी स्वतःच ती काजळी आत जाळते, आणि तिथलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. म्हणून वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. आता आमच्या भागात उसाची तोड झाली की रस्त्याच्या कडेला, बांधावर, शेतात सगळीकडं पाचटच पाचट. सावली बघून गाडी लावायची तर तिथंही पाचट. त्या आठवड्यात आम्ही नर्सरीच्या दारापुढची जागा साफ करून मुरूम टाकून घेतला. भाच्याला हा खर्च जास्त वाटला. मला वाटला नाही.

फडकं शेवटी त्यानं घेतलं, पण ऑनलाइन मागवलेलं, जांभळं. मी पांढरं दिलं. पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी एका सकाळी तो ते घेऊन स्वयंपाकघरात आला. मागच्या डाव्या चाकाच्या आत फिरवलं होतं, त्यावर पिवळट डाग. मी वास घेतला. गंधक. ॲक्सलचं सील गळत होतं आणि स्क्रीन गप्प होती. वर्कशॉपमध्ये वॉरंटीत सील बदलून मिळालं. तिथल्या मेकॅनिकनं विचारलं, अजून लायनरपर्यंत तेल गेलं नव्हतं, मग तुम्हाला कळलं कसं? भाच्यानं मोबाइलवर डागाचा फोटो दाखवला.

आता चिपळूणची ऑर्डर आली आहे. मिरची, वांगी, झेंडू, सगळं मिळून एका खेपेत बसत नाही. भाचा म्हणतो, हौदा मोठा आहे, वरचेवर रचू, कशाला दोन वेळा घाट उतरायचा. मी ओले ट्रे काट्यावर घालून आकडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं कंपनीनं सांगितलेली क्षमता वाचून दाखवली, मी म्हटलं, त्यात तू आणि गडी दोघं धरलेत का? यावर तो कॅल्क्युलेटर घेऊन बसला आहे. झेंडूला दुसऱ्या खेपेपर्यंत थांबता येतं, मिरचीला येत नाही. एवढं एक आमचं ठरलं आहे.