ऑइल बदलताना

तेलाचे आणि खानदेशाचे नाते जुने आहे. जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि भुईमूग पिकतो, म्हणून सरकीचे आणि शेंगदाण्याचे तेल येथे पिढ्यान्‌पिढ्या गाळले गेले. अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढण्यासाठी १९४५ साली जी कंपनी स्थापन झाली, तिच्यातूनच पुढे विप्रो हा उद्योगसमूह उभा राहिला. बैलगाडीच्या आखाला वंगण दिल्याशिवाय लांबच्या बाजाराला निघू नये, हे तर येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. आता पुष्कळ अंगणांत बैलगाडीच्या जागी मोटार उभी आहे. आमच्या बोलीने या दोन वंगणांत एक मजेदार भेद केला आहे. स्वयंपाकघरात असते ते तेल आणि गाडीत असते ते ऑइल. तेल सांडले तर घरातील बाई हळहळते. ऑइल सांडले तर त्यावर माती टाकून आपण मोकळे होतो. या भेदात आमच्या आजच्या विषयाचे मर्म दडलेले आहे.

खानदेशातील धर्मग्रामांतून गेली चोवीस-पंचवीस वर्षे फिरताना आम्ही एक दृश्य अनेकदा पाहिले आहे. रविवारचा मिस्सा आटोपलेला असतो, जेवणे व्हायची असतात आणि कोणा गृहस्थाची गाडी बॉनेट उघडून कडुनिंबाखाली उभी असते. भुसावळकडच्या रेल्वे कुटुंबांत तर पाना हातात धरणे हा जणू वारसाच असतो. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांच्या सातपुड्याकडील वा डोंगराळ भागात राहणाऱ्यांना वर्कशॉप जवळ नसते, म्हणून मिशनच्या जिपांचे ऑइलही पुष्कळदा तेथेच बदलले जाते. यात पैसे वाचतात आणि आपल्या वस्तूची ओळख होते. बापाच्या शेजारी बसून मुलगाही काही शिकतो. म्हणून या उद्योगाला आमचा आशीर्वादच आहे.

परंतु हे काम सोपे आहे, आणि सोपी कामेच अधिक बिघडतात. अवघड कामाकडे मनुष्य सावध होऊन पाहतो. सोप्या कामात हात पुढे चालतात आणि मन मागे राहते. मराठीत या दोषाला एकच नाव नाही. उतावीळपणा, वेंधळेपणा, धसमुसळेपणा आणि बेफिकिरी असे चार शब्द आपण सहज वापरतो आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ऑइल बदलण्याच्या एका तासात हे चौघेही दाराशी उभे असतात.

उतावीळपणा सर्वांत आधी येतो. दूरचा प्रवास करून आल्याबरोबर काही जण गाडीखाली शिरतात. ऑइल कोमट असावे हे खरे, कारण कोमट ऑइल पातळ होऊन गाळासह वाहून येते. पण त्यासाठी पाच मिनिटे इंजिन चालविणे पुरे असते. तापलेले ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले तर काय होते, हे उकळत्या तेलाने भाजलेल्या माणसाला विचारावे. त्याहून भयंकर गोष्ट जॅकची. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही जाऊ नये. आपल्याकडची काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोण्यासारखी होते. तिच्यावर ठेवलेला जॅक पाहता पाहता खचतो. टणक सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि गाडीच्या वजनाला पुरे पडणारे लोखंडी स्टॅण्ड एवढे नसेल, तर त्या दिवशी ऑइल बदलू नये. इंजिन दुरुस्त होते. घरातील कर्ता माणूस परत मिळत नाही.

वेंधळेपणाच्या कथा ऐकताना हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. जळगाव जिल्ह्यातील आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी गाडीखाली जाऊन दिसला तो नट सोडला, वाहून आले ते पातेल्यात घेतले, नट घट्ट केला आणि वरून नवे ऑइल ओतले. सोडलेला नट गिअरबॉक्सचा होता. परिणामी गिअरबॉक्स कोरडा पडला आणि इंजिनात जुने अधिक नवे असे दुप्पट ऑइल साठले. निघालेले ऑइल काळे नव्हते आणि इंजिनातील ऑइल वापरून काळे होते, हे त्यांना ठाऊक होते. डोळ्यांनी पाहिले; मनाने पाहिले नाही. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता असेही पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पातळी फार वाढली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळू लागतो, ताकाला यावा तसा फेस येतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून किती ऑइल घालावे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, ओतताना थोडे कमीच ओतावे, आणि गाडी सपाटीवर ठेवून डिपस्टिकने पातळी पाहत पाहत ती पुरी करावी.

फिल्टरची गोष्ट अशीच आहे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ती न काढता नवा फिल्टर बसविला की दोन कड्या एकावर एक बसतात. गाडी सुरू होते, अंगणात काहीच कळत नाही आणि रस्त्यावर दाब वाढला की एक कडी सरकून ऑइल बाहेर फेकले जाते. पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या एका तरुणावर हाच प्रसंग आला. समोर लाल दिवा लागला तेव्हा त्याला वाटले, ऑइल थोडे कमी झाले असेल, पुढच्या गावी भरू. पण बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागला याचा अर्थ, फिरणाऱ्या धातूंमधील ऑइलचा पातळ पापुद्रा आता भरवशाचा राहिलेला नाही. त्या वेळी इंजिन ताबडतोब बंद करावयाचे असते. पुढचे गाव येण्यापूर्वीच इंजिन बसले. वाचविलेली मजुरी काही शेकड्यांची होती आणि दुरुस्तीचा खर्च कित्येक हजारांचा झाला.

धसमुसळेपणा हा बलवान माणसाचा दोष. घट्ट म्हणजे चांगले, या समजुतीने लांब पाना घेऊन चेंबरचा नट पिळला जातो. पुष्कळ गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनिअमचे असते आणि नट पोलादी. पोलादापुढे ॲल्युमिनिअमचे आटे टिकत नाहीत. ते एकदा गेले की नट फिरतच राहतो. नट आधी हाताने सरळ लावावा, नवा वॉशर घालावा आणि पुस्तिकेत सांगितले आहे तेवढाच आवळावा. फिरवून बसविण्याच्या फिल्टरला तर बहुधा पानाही लागत नाही. कडीला नव्या ऑइलचे बोट फिरवावे, ती टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा द्यावा. फिल्टरवर नेमके छापलेले असते, तेवढे वाचावे.

ऑइलची जात निवडतानाही घाई उपयोगाची नाही. डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतील वाहण्याचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणाचा. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांकडे जातो, म्हणून दाट ऑइलच बरे, असा तर्क केला जातो. परंतु ज्या इंजिनाच्या फटी बारीक ऑइलसाठी आखल्या आहेत, त्यात दाट ऑइल नीट पोहोचत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी जाळी असते. तिला कमी राख सोडणारे ऑइलच लागते. जुन्या जिपेला चालले ते नव्या गाडीला चालेलच असे नाही.

या सर्वांवर उपाय काय? भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे फिटरांची रीत आम्हांला फार आवडली. ते काम सुरू करताना गाडीची चावी नव्या ऑइलच्या डब्याखाली ठेवतात. डबा उचलून ऑइल ओतल्याशिवाय चावी हाती येत नाही, त्यामुळे रिकाम्या इंजिनाला चालू करण्याची चूक घडूच शकत नाही. सुटलेला प्रत्येक नट, वॉशर आणि झाकण ते वर्तमानपत्रावर काढल्या क्रमाने मांडतात. शेवटी कागद रिकामा झाला की काम संपले. मग इंजिन मिनिटभर चालवून, लाल दिवा विझला याची खात्री करून, ते पुन्हा खाली वाकून पाहतात आणि पातळी पुन्हा मोजतात. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "फादर, माझ्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही, म्हणून इंजिने टिकली."

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. तेराव्या शतकातील या पंडिताने निष्काळजीपणाचा स्वतंत्र विचार केला आहे आणि त्यासाठी सेव्हिलच्या संत इसिदोरांनी दिलेली लॅटिन शब्दाची फोड स्वीकारली आहे. त्या फोडीनुसार निष्काळजी म्हणजे 'न निवडणारा'. निष्काळजी माणूस वाईट निवडतोच असे नाही. तो निवडीचे कष्टच घेत नाही. हाताला आला तो नट, दुकानात मिळाले ते ऑइल, अंगात असेल तेवढा जोर. त्या शिक्षकांची आणि त्या तरुणाची चूक यात अचूक बसते.

आता चौथा शब्द उरला. बेफिकिरी. वरच्या तिन्ही दोषांची शिक्षा ज्याची त्याला मिळते. गाडी ओरडते, दिवा लागतो, खिसा रिकामा होतो. चौथ्या दोषात गाडीला काहीच होत नाही. नवे ऑइल भरले, हात धुतले, आणि पातेल्यातील काळे ऑइल कुंपणापलीकडे किंवा गटारीत गेले. येथे कोणताही लाल दिवा लागत नाही.

जुने ऑइल निरुपयोगी आहे असे समजून आपण त्याचे नाना उपयोगही करतो. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासतो, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतो, डबक्यात डास होऊ नयेत म्हणून ओततो, अंगणातील धूळ बसावी म्हणून शिंपडतो. पण इंजिनात फिरून आलेल्या त्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि जळणातून तयार झालेली विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. ते वारंवार कातडीला लागणेही घातक, म्हणून हातमोजे घालावेत. एका वेळच्या बदलातील जुने ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने म्हटले आहे. धुळे जिल्ह्यातील एका वस्तीवर ट्रॅक्टरचे ऑइल वर्षानुवर्षे विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडले जाई, कारण हात धुवायला तेथे पाणी जवळ होते. एका पावसाळ्यानंतर हंड्यातील पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगू लागले. ते प्रथम बायकांनी पाहिले. ट्रॅक्टरमालकाच्या घरी नळ होता. दूरच्या विहिरीवरून हंडे त्यांना वाहावे लागले, ज्यांच्या दारात सायकलही नव्हती.

पाणी एका माणसाचे नसते, हे खानदेशाने पूर्वीच ओळखले होते. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत याच जाणिवेवर उभी आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडतो, आणि वरच्याने पाणी कसे वापरावे याचा विचार खालच्याला धरून केला जातो. आपल्या गटारीचे पाणीही असेच खाली जाते. धुळ्याचे पांझरेला, जळगावकडचे गिरणेला, आणि दोन्ही नद्या तापीला मिळतात. तापी पुढे उकाई धरणात साठून सुरतेला पोहोचते. ज्यांची तोंडे आपण कधी पाहणार नाही, त्यांच्या पेल्यापर्यंत आपल्या अंगणाची वाट जाते.

आणि हे टाळणे मुळीच कठीण नाही. ऑइल झिजत नाही, मळते. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण बनविता येते. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, हे २०१६ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करविण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. आपण एवढेच करावे. नव्या ऑइलचा रिकामा डबा फेकू नये. त्यातच जुने ऑइल नरसाळ्याने भरावे, त्यात पाणी, रॉकेल किंवा डिझेल मिसळू नये, बूच घट्ट लावावे, वर 'जुने ऑइल' असे लिहावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. मग ज्या गॅरेजातून ते मान्यताप्राप्त शुद्धीकरण करणाऱ्यांकडे जाते, तेथे नेऊन द्यावे. एका गल्लीतील चार घरांनी आपले डबे एकत्र केले तर एकाच फेरीत काम होते.

ज्या मुलाला आपण शेजारी बसवून नट सोडायला शिकवितो, त्याला हा डबाही उचलायला लावावा. तो गॅरेजात पोहोचेपर्यंत ऑइल बदलण्याचे काम पूर्ण झाले असे त्याने समजू नये.