पापलेट झाडावर राहतं

सर्व मासे झाडावर राहतात. पापलेट हा मासा आहे. म्हणून पापलेट झाडावर राहतं.

अकरावीच्या तर्कशास्त्राच्या तासाला हे फळ्यावर लिहिलं की वर्ग हसतो. हा युक्तिवाद वैध आहे म्हटलं की चिडतो. वैध म्हणजे एवढंच, की आधारविधानं खरी मानली तर निष्कर्ष नाकारता येत नाही. ती मुळात खरी आहेत का, ही पुढची चौकशी. आपले नैयायिक इतकी सूट देणार नाहीत. डोंगरावर धूर दिसतो म्हणून अग्नी आहे, असं म्हणणाऱ्याकडेही ते स्वयंपाकघराचं उदाहरण मागतात. इथे तर झाडावरचा एक तरी मासा दाखव म्हणतील. मला मात्र या दोन चौकश्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या वाटतात.

अडचण आहे ती उदाहरणांची. पाठ्यपुस्तकातलं खोटं विधान लांबूनच ओळखू येतं. खऱ्या वादात ते चांगलं प्रतिष्ठित असतं, आणि पुष्कळदा कुणी उच्चारलेलंही नसतं.

भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांचं पाहा. खाणीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते. पृथ्वी तप्त गोळ्यापासून निवत आली असेल, तर या वाढीवरून तिचं वय काढता येईल. १८६२ साली त्यांनी फूरिए यांचं उष्णतावहनाचं गणित वापरून ते काढलं : २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान. डार्विन यांच्या उत्क्रांतीला एवढा वेळ पुरेना. ही टोचणी त्यांना बरीच वर्षं छळत राहिली. भूशास्त्रज्ञांजवळ खडकांचे थर होते, झीज होती, पृथ्वी फार जुनी असल्याची खात्री होती, पण समीकरण नव्हतं. त्यांचा निष्कर्ष खरा, युक्तिवाद ढिला. केल्विन यांचं नेमकं उलट.

जॉन पेरी हे केल्विन यांचे एके काळचे सहायक. १८९५ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिलं, ते मला फार आवडतं. निष्कर्ष पटत नाही म्हणून ते आकडेमोडीवर तुटून पडले नाहीत. वैध युक्तिवादाचा निष्कर्ष खोटा असेल, तर एखादं तरी आधारविधान खोटं असलंच पाहिजे. गणित मान्य केल्यामुळेच कुठे खणायचं ते त्यांना कळलं. पृथ्वी आतपर्यंत घट्ट आणि सर्वत्र सारखीच उष्णतावाहक आहे, हे कशावरून? आतलं द्रव्य ढवळलं जात असेल, तर खालची उष्णता वर येत राहील आणि कवचातली ती वाढ कितीतरी अधिक काळ टिकेल. मग वय २००-३०० कोटींवर जातं. आज आपण सुमारे ४५४ कोटी मानतो.

केल्विन यांना पटलं नाही. १८९७ साली त्यांनी आकडा उलट आवळलाच : २ ते ४ कोटी.

पुढे किरणोत्सर्ग सापडला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा नवा झरा मिळाला आणि केल्विन हरले, असं अजूनही सांगितलं जातं. पण ती उष्णता त्यांच्याच गणितात मिळवली तरी उत्तर फारसं हलत नाही. नडलं होतं ते पेरींनी बोट ठेवलेलं गृहीतक. किरणोत्सर्गाची ही गोष्ट जुळते मात्र इतकी नीट, की तिची आधारविधानं तपासायची गरज फार काळ फारशी कुणाला वाटली नाही.