सैल दोरी

घोड्याशी माझा उभ्या जन्मात संबंध आला तो दोनदाच. एकदा लग्नाच्या वरातीत आणि एकदा माथेरानात. दोन्ही वेळा माझ्यापेक्षा घोडाच अधिक शांत होता! त्यामुळे कॅलिफोर्नियात लेकीकडे गेलो असता जावईबापूंनी अरबी घोड्यांच्या प्रदर्शनाचा बेत काढला, तेव्हा मी निघालो तो केवळ घरात बसून कंटाळलो होतो म्हणून.

तिथला तो पांढरा घोडा अजून डोळ्यांपुढे आहे. कमानदार मान, फुगलेल्या रुंद नाकपुड्या, झेंड्यासारखी उभारलेली शेपटी. पण त्याच्या मागे एक जण सारखा चाबूक फडकावीत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारी बसलेली नात मात्र हळूच म्हणाली, "आजोबा, तो घाबरलाय."

मी तिला गप्प केले. त्याच आठवड्यात ती शाळेच्या शर्यतीत चौथी आली होती, आणि 'आणखी थोडा जोर लावायचास' असे मी तिला ऐकवले होते.

पुढे त्याच उन्हाळ्यात आम्ही ऑबर्न गावी गेलो. टेव्हिस चषकाची शर्यत तिथे संपते. ही शर्यत १९५५ साली सुरू झाली. ताहो सरोवराच्या बाजूने निघायचे, सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडायचे आणि १०० मैल २४ तासांत तोडायचे. लांब पल्ल्याला अरबी रक्त चिवट. त्यामुळे अशा शर्यतींत तेच बहुधा पुढे असते.

मध्यरात्र उलटल्यावर एक मुलगी करड्या घोड्यावरून आली. मला वाटले, संपली शर्यत. पण नाही! घोडा पुढे जाण्याजोगा आहे असे डॉक्टरने म्हटले, तरच ती पुरी होते. मुलीने सैल दोरी धरून त्याला दुडक्या चालीने पळवत नेले. या चालीत पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय एकदम पडतात, मग दुसरी जोडी. मध्ये क्षणभर चारी पाय अधांतरी. ताल असा सारखा, की जराशी लंगड लपत नाही. परतताना घोड्याची मान प्रत्येक दुसऱ्या टापेला किंचित वर उचलली जाऊ लागली. डॉक्टरने मान हलवली.

१०० मैल फुकट! मी असतो तर भांडलो असतो. ती पोर खाली बसली, घोड्याच्या पायावरून हात फिरवला, आणि डोळे पुसून आधी थंड पाणी मागितले ते त्या पायासाठी.

मग एका वृद्ध गृहस्थाचा तांबूस घोडा आला. धुळीने माखलेला, शेपटी खाली. चाबूक नाही, लगाम ताणलेला नाही. तरी दोरी सैल सुटताच तो जमिनीला जेमतेम शिवत, तरंगल्यासारखा गेला आणि तसाच परत आला. प्रदर्शनात चाबकाने जे काढू पाहत होते, ते याच्यापाशी १०० मैलांनंतरही आपले आपण शिल्लक होते. पेंगुळलेल्या लोकांत टाळी वाजवणारी एकटी माझी नात.

परतताना ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. सकाळी धावायला निघाली तेव्हा मी तिला पहिल्यांदाच विचारले,

"बाळ, पाय दुखत नाहीत ना गं?"